वाचून दाखवणे : बालकथा, दुःस्वप्नकथा आणि ध्वनिमुद्रित वाचन

१. विषयप्रवेश

मराठीत 'वाचणे' या क्रियापदाबरोबरच 'वाचून दाखवणे' असा एक प्रयोग रूढ आहे. जे कानांनी ऐकावयाचे त्यासाठी आपण 'दाखवणे' हे क्रियापद योजतो, ही गोष्ट सवयीमुळे सहसा लक्षात येत नाही. 'पत्र वाचून दाखव', 'पोथी वाचून दाखव' असे जो म्हणतो, त्याला पान समोर असूनही ते स्वतः वाचता येत नसते. लहान वय, अंधत्व, निरक्षरता किंवा त्या भाषेचा अपरिचय यांपैकी काही ना काही आड आलेले असते. त्याच्या वतीने दुसऱ्याने पान पाहावयाचे आणि तेथे जे आहे ते त्याच्यापुढे ठेवावयाचे, असा या 'दाखवण्या'चा अर्थ आहे. म्हणजे या क्रियेत एक सोपवणूक अभिप्रेत आहे. ऐकणाऱ्याला पान पडताळून पाहता येत नाही, आणि म्हणूनच वाचणाऱ्यावर जबाबदारी येते.

अभिजात बालकथा आणि ज्यांना 'डिस्टोपियन' म्हटले जाते अशा कादंबऱ्या आज ध्वनिमुद्रित वाचनाच्या रूपाने मोठ्या प्रमाणावर ऐकल्या जातात. माणसाचे विचारस्वातंत्र्य नष्ट करणाऱ्या काल्पनिक समाजव्यवस्थेचे चित्रण करणाऱ्या या दुसऱ्या प्रकारासाठी प्रस्तुत लेखात 'दुःस्वप्नकथा' ही संज्ञा वापरली आहे. वरवर पाहता या दोन प्रकारांत काही साम्य नाही. एक बालकाच्या निजेपूर्वी वाचला जातो, दुसरा प्रौढाची झोप उडवतो. परंतु वाचून दाखवण्याच्या संदर्भात ते एकमेकांजवळ येतात, कारण दोहोंच्या केंद्रस्थानी पान पडताळू न शकणारा श्रोता आहे. बालकथेत तो विश्वासाने ऐकतो; दुःस्वप्नकथेत त्याच्या याच विश्वासाचा घात होतो. या दोन प्रकारांना शेजारी ठेवून ध्वनिमुद्रित वाचनाच्या मूल्यमापनाचा काही निकष हाती लागतो काय, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. ध्वनिमुद्रित वाचनाची वाटचाल

एडिसनने १८७७ मध्ये ध्वनिलेखन यंत्र तयार केले तेव्हा त्याने त्यात प्रथम एक बालगीत म्हटले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पुढच्याच वर्षी त्याने या यंत्राच्या संभाव्य उपयोगांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख होता. बालक आणि अंध हे दोन श्रोते अशा रीतीने या तंत्राच्या आरंभापासूनच उपस्थित आहेत. संपूर्ण पुस्तक मुद्रित करणे मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ शक्य झाले नाही, कारण तबकडीच्या एका बाजूवर काही मिनिटांपलीकडे ध्वनी मावत नसे. संथ गतीच्या तबकड्या आल्यानंतर अमेरिकेत १९३४ पासून आणि इंग्लंडमध्ये १९३५ पासून अंधांसाठी 'बोलकी पुस्तके' निघू लागली. इंग्लंडमधील या योजनेमागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांचा प्रश्न होता. तेथील पहिल्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' आणि जोसेफ कॉनरॅडची 'टायफून' यांचा समावेश होता.

१९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे दोन तरुण स्त्रियांनी 'केडमन' ही संस्था सुरू करून डिलन टॉमस या कवीच्या वाचनाची तबकडी काढली. तबकडीची दुसरी बाजू भरण्यासाठी त्याने आपली बालपणीच्या नाताळाची आठवण सांगणारी गद्यकृती वाचली आणि तीच सर्वांत लोकप्रिय ठरली. वाङ्मयाचे वाचन ही केवळ अंधांची सोय न राहता सर्वांच्या आस्वादाचा विषय झाली, ती येथून पुढे. त्यानंतर ध्वनिफितींचा काळ आला. तीत पुस्तके सर्वत्र पोहोचली, पण दोन फितींत बसावीत म्हणून ती सर्रास संक्षिप्तही केली गेली.

या इतिहासातील अलीकडचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे 'लिब्रिव्हॉक्स' हा उपक्रम. ह्यू मॅग्वायर यांनी माँट्रिअल येथून ऑगस्ट २००५ मध्ये तो सुरू केला. स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली पुस्तके स्वयंसेवकांनी वाचावयाची आणि ती ध्वनिमुद्रणेही सर्वांना मुक्त करावयाची, ही त्याची रीत आहे. येथे वाचणाऱ्याच्या आवाजाची परीक्षा घेतली जात नाही. दुसरा स्वयंसेवक ते वाचन ऐकतो, तो केवळ चुका व गाळणूक शोधण्यासाठी. एकाच पुस्तकाची अनेक वाचने येथे शेजारी नांदू शकतात. 'ॲलिस'सारख्या बालकथेची अशी अनेक वाचने उपलब्ध आहेत. या व्यवस्थेचे वाङ्मयीन महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

३. बालकथा : आधी आवाज, मग पुस्तक

इंग्रजीतील अनेक अभिजात बालकथा आधी सांगितल्या गेल्या आणि मग लिहिल्या गेल्या. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डजवळ नौकाविहार करताना चार्ल्स डॉजसन याने लिडेल कुटुंबातील तीन बहिणींना एक गोष्ट सांगितली. त्यांतील ॲलिसने ती लिहून मागितली. १८६४ च्या अखेरीस हस्तलिखित तिच्या हाती आले आणि १८६५ मध्ये लुइस कॅरल या नावाने 'ॲलिस्ज ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड' प्रसिद्ध झाले. केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज' (१९०८) या पुस्तकाचे मूळही त्याने आपल्या मुलाला रात्री सांगितलेल्या गोष्टींत आणि त्याला पाठवलेल्या पत्रांत आहे. ए. ए. मिल्नच्या 'विनी-द-पू' (१९२६) मध्ये तर गोष्ट सांगणारा बाप आणि मध्येच प्रश्न विचारणारा मुलगा ही चौकट संहितेतच ठेवलेली आहे.

मराठी वाचकास हे स्वरूप अपरिचित नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' बेचाळीस रात्रींत विभागलेली आहे. तिच्या प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे, कारण श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो आहे. ग्रंथ सांगितला जातो आणि कोणीतरी तो उतरवून घेतो, ही तर आपल्या वाङ्मयाची जुनी रीत आहे. ज्ञानदेवांनी सांगितलेली टीका लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांची नोंद त्या ग्रंथाच्याच अखेरीस आहे.

अशा संहितांचे ध्वनिमुद्रित वाचन म्हणजे मूळच्या आवाजाकडे परत जाणे होय, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हे परतणे पूर्ण होत नाही. नावेत बसलेल्या तीन मुली गोष्ट अडवीत होत्या, पुढे नेत होत्या. मुद्रणयंत्रासमोर बसलेल्या वाचकापुढे कोणी नसते. म्हणून निवेदकाचे बालकाशी असलेले नाते त्याला केवळ आपल्या स्वरातून उभे करावे लागते. अनेक वाचकांची येथे गल्लत होते. श्रोता बालक आहे म्हणून ते स्वतःच बोबडे होतात, प्रत्येक प्राण्याला वेगळा चिरका आवाज देतात आणि गोष्टीतला विनोद आधीच हसून संपवतात. कॅरलचा किंवा मिल्नचा निवेदक असे करीत नाही. अत्यंत असंभाव्य गोष्ट तो गंभीरपणे, बालकाला बरोबरीचा मानून सांगतो. विनोद त्या गांभीर्यातून निर्माण होतो. अतिरिक्त अभिनयाने येथे निवेदकाचा दृष्टिकोनच बदलतो, म्हणजे संहितेचा अर्थ बदलतो.

कान आणि डोळा यांच्यातील देवघेवीचे एक उदाहरण येथे नोंदवण्याजोगे आहे. 'ॲलिस'मध्ये उंदीर आपली कहाणी सांगतो. इंग्रजीत 'कहाणी' आणि 'शेपूट' या दोन शब्दांचा उच्चार एकच असल्याने ॲलिसचा गोंधळ होतो आणि ती कहाणी पानावर शेपटीसारख्या वळणावळणाच्या, लहान होत जाणाऱ्या अक्षरांत छापलेली दिसते. छापील पानावर श्लेष सुटण्याचा संभव असतो, कारण तेथे दोन शब्दांची अक्षरे वेगळी आहेत. ऐकणाऱ्यास श्लेष तत्काळ कळतो, पण शेपटीचा आकार त्याला मिळत नाही. चांगला वाचक आवाज हळूहळू बारीक करीत नेऊन या आकाराची काहीशी भरपाई करू शकतो. प्रत्येक ध्वनिमुद्रित वाचनात असे निर्णय घ्यावेच लागतात आणि प्रत्येक निर्णय हे संहितेवरील भाष्य असते.

४. दुःस्वप्नकथा : आवाजाविषयीचा संशय

बालकथेत आवाज विश्वासाचा असतो, तर दुःस्वप्नकथेत आवाज हे बहुधा सत्तेचे साधन असते. आल्डस हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) मध्ये झोपलेल्या मुलांच्या कानांशी तीच ती वाक्ये हजारो वेळा वाजवली जातात आणि मोठेपणी ती वाक्ये त्यांना स्वतःचे विचार वाटतात. निजणाऱ्या बालकाला गोष्ट ऐकवण्याच्या प्रथेचे याहून भयानक विडंबन सापडणे कठीण आहे. ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) मधील दूरपडद्याचा आवाज सामान्य माणसाला कमी करता येतो, पण बंद करता येत नाही. रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) मध्ये नायकाची पत्नी कानात शिंपल्याएवढे यंत्र घालून रात्रभर त्यातील ध्वनीत बुडून जाते. ही कादंबरी आज पुष्कळ श्रोते तशाच चिमुकल्या यंत्रांतून ऐकतात, ही विसंगती अभ्यासकाने नजरेआड करू नये.

तथापि याच वाङ्मयप्रकारात आवाजाचे दुसरेही रूप आढळते. जेथे लिहिणे अशक्य किंवा निषिद्ध झाले आहे, तेथे आवाज हाच अखेरचा पुरावा ठरतो. एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन' (१८९५) मधील भविष्याचे वृत्त आपल्याला मिळते, ते प्रवाशाने जेवणानंतर मित्रांना सांगितलेल्या हकिकतीच्या रूपात. मार्गारेट ॲटवुड यांच्या 'द हँडमेड्स टेल' (१९८५) मध्ये स्त्रियांना वाचण्यालिहिण्याची बंदी आहे. आपण वाचतो ते निवेदन तीसच्या आसपास ध्वनिफितींवर बोललेले होते आणि ते पुढे पुष्कळ वर्षांनी विद्वानांनी उतरवून, अनुमानाने क्रम लावून प्रसिद्ध केले, हे आपल्याला शेवटच्या प्रकरणात समजते. त्या फितींच्या आरंभी संशय येऊ नये म्हणून गाणी ठेवलेली होती. ही कादंबरी ध्वनिमुद्रित रूपात ऐकताना संहिता आपल्या कल्पित मूळ माध्यमात परत जाते. त्याचबरोबर, शेवटच्या प्रकरणातील विद्वानाचा आत्मसंतुष्ट, परिषदेतल्या विनोदांनी सजलेला स्वर त्या स्त्रीच्या आवाजानंतर लगेच कानी पडतो आणि तो किती असह्य आहे हे छापील पानापेक्षा अधिक तीव्रतेने जाणवते. संशोधनाच्या क्षेत्रात वावरणाऱ्या आपण सर्वांनी तो स्वर एकदा ऐकावा, इतकेच येथे म्हणतो.

५. 'ॲनिमल फार्म' : वाचून दाखवणाऱ्यांची कथा

बालकथा आणि दुःस्वप्नकथा या दोहोंचा संगम ज्या एका कृतीत झाला आहे ती म्हणजे ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' (१९४५). लेखकाने उपशीर्षकात तिला परीकथा म्हटले आहे. राजकीय रूपककथा म्हणून या कृतीची पुष्कळ चर्चा झालेली आहे. परंतु वाचता येणे, न येणे आणि दुसऱ्यासाठी वाचणे हे तिचे एक प्रमुख सूत्र आहे, याकडे तुलनेने कमी लक्ष जाते.

क्रांतीनंतर प्राणी वाचावयास शिकतात, पण सारखे नाही. डुकरांना उत्तम वाचता येते. बॉक्सर हा घोडा चार अक्षरांपुढे जात नाही. क्लोव्हर या घोडीला सगळी अक्षरे येतात, पण ती जोडून शब्द लावता येत नाही. म्युरिएल या शेळीला बऱ्यापैकी वाचता येते आणि ती उकिरड्यावर सापडलेल्या वर्तमानपत्राच्या कपट्यांतून संध्याकाळी इतरांना वाचून दाखवते. बेंजामिन या गाढवाला डुकरांइतकेच चांगले वाचता येते, परंतु वाचण्याजोगे काही नाही असे म्हणून तो ती विद्या वापरतच नाही.

भिंतीवर लिहिलेली सात वचने एकेक करून बदलली जातात. क्लोव्हरला शंका येते; वचन असे नव्हते, असे तिला अंधुकसे आठवते. ती म्युरिएलला वाचून दाखवण्यास सांगते. म्युरिएल अडखळत, अक्षर लावत वाचते आणि भिंतीवर जे आहे तेच सांगते. दुसरीकडे स्क्वीलर हा सत्तेचा प्रवक्ता दर रविवारी कागदाची लांब पट्टी खुराखाली धरून उत्पादनवाढीचे आकडे वाचून दाखवतो. त्याचे बोलणे प्रभावी आहे. बोलताना तो इकडून तिकडे उड्या मारतो, शेपटी हलवतो, ऐकणाऱ्याला पटवून टाकतो. म्युरिएल आणि स्क्वीलर हे वाचून दाखवण्याचे दोन परस्परविरोधी नमुने आहेत. एकीच्या वाचनात कौशल्य कमी आहे पण पानाशी इमान आहे. दुसऱ्याच्या वाचनात कौशल्य सगळे आहे आणि श्रोत्याच्या असहायतेचा उपयोग करून घेणे हेच त्याचे प्रयोजन आहे.

तिसरा नमुना बेंजामिनचा. आजारी बॉक्सरला न्यावयास गाडी येते तेव्हा प्राणी भोवती जमून त्याला निरोप देत असतात. गाडीवर काय लिहिले आहे ते म्युरिएल अक्षरे जुळवून लावू लागते, तोच बेंजामिन तिला बाजूस सारून ते मोठ्याने वाचतो. ती खाटकाची गाडी असते. ज्याला वाचता येत होते त्याने वाचून दाखवले, पण ते गाडी निघण्याच्या वेळी. अखेरच्या प्रकरणात दृष्टी मंदावलेली क्लोव्हर त्याला भिंतीवरचे वाचावयास सांगते आणि तो आपला नियम मोडून वाचतो, तेव्हा सातांपैकी एकच वचन उरलेले असते, तेही विकृत झालेले. साक्षराचे मौन हा या कथेतील एक स्वतंत्र अपराध आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

यातून आपल्या विषयाला उपयोगी असे दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वाचून दाखवण्याचे मूल्य आवाजाच्या मोहकतेवर अवलंबून नसून श्रोत्याने टाकलेल्या विश्वासाशी राखलेल्या इमानावर अवलंबून असते. दुसरा निष्कर्ष पहिल्याला मर्यादा घालणारा आहे. म्युरिएल प्रामाणिक असूनही प्राणी फसतात, कारण भिंत एकच आहे आणि ती बदलली आहे. केवळ संहितानिष्ठ वाचन पुरेसे नाही. मूळ काय होते हे सांगणारी दुसरी प्रत किंवा दुसरी स्मृती हवी. 'फॅरनहाइट ४५१' च्या अखेरीस एकेक पुस्तक मुखोद्गत करून हिंडणारी माणसे भेटतात, ती हीच गरज भागवतात. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवूनही तरली, या आख्यायिकेचा अर्थ ती लोकांच्या मुखी होती असा लावणाऱ्या मराठी मनाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

६. ऑर्वेल आणि मराठी आवाज

या विवेचनास एक ऐतिहासिक संदर्भ आहे. १९४१ ते १९४३ या काळात ऑर्वेल बीबीसीच्या पूर्व विभागात भारतासाठीच्या कार्यक्रमांचे काम पाहत होता. युद्धविषयक साप्ताहिक वार्तापत्रे तो इंग्रजीत लिहीत असे आणि त्यांतील काही मराठी, गुजराती इत्यादी भाषांत अनुवादित होऊन त्या भाषकांच्या आवाजात प्रसारित होत. संहिता आधी युद्धकालीन नियंत्रकाकडून संमत करून घ्यावी लागे. म्हणजे ऑर्वेलचे गद्य मराठीत वाचून दाखवले गेले, ते 'ॲनिमल फार्म' लिहिली जाण्यापूर्वीच, आणि तेही नियंत्रकाची नजर फिरलेल्या कागदावरून. पुढे १९४६ मध्ये त्याने बीबीसीच्या बालविभागासाठी 'लिटल रेड रायडिंग हूड' या परीकथेचे आणि १९४७ मध्ये प्रसारित झालेल्या 'ॲनिमल फार्म'चे नभोवाणी रूपांतर केले. एवढा काळ ध्वनिक्षेपकाशी संबंध असूनही त्याच्या स्वतःच्या आवाजाचे एकही मुद्रण उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. त्याची पुस्तके वाचणारा प्रत्येक आवाज त्यामुळे दुसऱ्याचाच असतो. लेखकाच्या आवाजाचा अधिकार त्यापैकी कोणालाही सांगता येत नाही.

७. संहितानिष्ठा, संक्षेप आणि पाठभेद

'नाइन्टीन एटी-फोर'ला 'नवभाषे'वरील एक परिशिष्ट जोडलेले आहे. कादंबरी संपल्यावर येणारे हे शास्त्रीय टिपण अनेक वाचक सोडून देतात. परंतु ते भूतकाळात लिहिलेले आहे, आणि ती राजवट पुढे कधीतरी संपली असावी असे अनुमान काही अभ्यासक त्यावरून काढतात. १९४९ मध्ये एका अमेरिकन ग्रंथमंडळाने हे परिशिष्ट आणि मधला गोल्डस्टीनचा ग्रंथभाग गाळण्याची सूचना केली असता ऑर्वेलने विक्रीचे मोठे नुकसान पत्करण्याची तयारी ठेवून ती नाकारली. ध्वनिमुद्रणात परिशिष्ट गाळले तर श्रोत्याला ते गाळले गेल्याचे कळण्याचा मार्ग नसतो. छापील पुस्तकात निदान अनुक्रमणिका असते. सत्याची काटछाट हाच विषय असलेल्या कादंबरीचा न सांगता केलेला संक्षेप हा म्हणूनच केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

येथे मराठीतील पाठचिकित्सेच्या परंपरेचा आधार घेता येतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये 'ज्ञानेश्वरी'च्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. 'पाठ' या शब्दाला आपल्याकडे संहिता, मुखोद्गत असणे आणि मोठ्याने म्हणणे असे तिन्ही अर्थ आहेत, हा योगायोग नव्हे. ध्वनिमुद्रित वाचनालाही आपण 'पाठ' मानावे आणि त्याची चिकित्सा करावी. अशा चिकित्सेत पुढील प्रश्न विचारावे लागतील : वाचन संपूर्ण आहे की संक्षिप्त, आणि संक्षिप्त असल्यास तसे सांगितले आहे काय? कोणत्या आवृत्तीवरून वा अनुवादावरून ते केले आहे? निवेदकाचा आणि पात्रांचा स्वर कसा वेगळा केला आहे? उपरोध कोठे उघड केला आहे आणि कोठे श्रोत्यावर सोडला आहे? टीपा, परिशिष्टे, अक्षररचनेतील विशेष यांचे काय केले आहे?

एकाच कृतीची अनेक वाचने उपलब्ध असतील तरच अशी तुलना शक्य होते. प्राण्यांपाशी एकच भिंत होती. 'लिब्रिव्हॉक्स'सारख्या उपक्रमात सामान्य माणसांच्या कमीअधिक कुशल आवाजांतील अनेक वाचने शेजारी ठेवली जातात, ही त्याची उणीव मानली जाते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ते त्याचे बलस्थान मानावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोणताही एक आवाज तेथे अधिकृत होत नाही.

मराठीत शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने आणि पु. ल. देशपांडे यांच्या प्रयोगांनी श्रोत्यांच्या अपेक्षा घडवल्या आहेत. त्या परंपरेचे मोल मोठे आहे. मात्र कथाकथनात लेखक स्वतःच्या कथेत भर घालू शकतो, श्रोत्यांचा रंग पाहून वाक्य फिरवू शकतो. दुसऱ्याची कृती वाचून दाखवणाऱ्यास हे स्वातंत्र्य नाही. या दोहोंतील भेद न केल्यामुळे अभिवाचनाच्या नावाखाली पुष्कळदा नाट्यप्रयोग होतो आणि मूळ गद्याची लय हरवते.

८. स्वामित्वहक्काचा प्रश्न

वर्गात पुस्तक वाचून दाखवणे आणि त्याचे मुद्रण सर्वांना उपलब्ध करून देणे या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. जॉर्ज ऑर्वेलचे निधन २१ जानेवारी १९५० रोजी झाले आणि साने गुरुजींचे ११ जून १९५० रोजी. त्यामुळे 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'श्यामची आई' ही दोन अत्यंत भिन्न पुस्तके भारतात १ जानेवारी २०११ या एकाच दिवशी मुक्त झाली. हक्सलीचे निधन १९६३ मधील असल्याने त्याची कादंबरी येथे २०२४ च्या आरंभी मुक्त झाली.

देशादेशांतील मुदती मात्र भिन्न आहेत. अमेरिकेत त्या काळातील पुस्तकांसाठी प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजली जातात. त्यामुळे तेथे 'ॲनिमल फार्म' २०४१ च्या आरंभापर्यंत मुक्त होणार नाही. उलट ई. एम. फॉर्स्टरची यंत्रावलंबी भविष्याचे चित्र रेखाटणारी 'द मशीन स्टॉप्स' (१९०९) ही कथा अमेरिकेत मुक्त आहे, पण लेखकाचे निधन १९७० मधील असल्याने भारतात २०३१ च्या आरंभी मुक्त होईल. शिवाय अनुवादाला स्वतंत्र हक्क असतो. मूळ कादंबरी मुक्त असली तरी तिचा एखादा आधुनिक मराठी अनुवाद मुद्रित करण्यास अनुवादकाची वा हक्कधारकाची अनुमती घ्यावी लागते, याचा विसर पडू नये.

अंध व मुद्रित अक्षर वाचण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तींसाठी कायद्याने वेगळा मार्ग ठेवला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अशा व्यक्तींच्या उपयोगासाठी सुगम रूपातील प्रती करण्यास सवलत मिळाली. याच विषयावरील २०१३ च्या माराकेश करारास मान्यता देणारा पहिला देश भारत होता (२०१४). महाविद्यालयातील अंध विद्यार्थ्यासाठी नेमलेले पुस्तक वाचून मुद्रित करणे हे म्हणूनच केवळ दयेचे काम नाही. त्यास कायद्याचे अधिष्ठान आहे.

९. अध्यापनाच्या दृष्टीने

विद्यार्थी ऐकतात म्हणून वाचत नाहीत, अशी तक्रार अध्यापकवर्गात ऐकू येते. ती निराधार नाही. परंतु ऐकणे आणि वाचणे यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी न मानता एकमेकांचे साक्षीदार करणे शक्य आहे. 'ॲनिमल फार्म'च्या सहाव्या ते दहाव्या प्रकरणांतील वाचून दाखवण्याचे प्रसंग प्रथम पुस्तक मिटून ऐकावेत, भिंतीवरच्या वचनात काय बदल झाला ते प्रत्येकाने स्मरणातून लिहावे आणि मग पान उघडून ताडून पाहावे. क्लोव्हरची अवस्था काय होती हे व्याख्यानापेक्षा या अनुभवाने अधिक चांगले कळते. बालकथेच्या बाबतीत एकाच प्रकरणाची दोन वाचने ऐकून निवेदकाचा दृष्टिकोन कोठे बदलला हे दाखवावयास सांगता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी 'श्यामची आई'मधील एखादी 'रात्र' स्वतः वाचून मुद्रित करावी आणि आपण घेतलेल्या प्रत्येक निर्णयाचे टिपण सोबत जोडावे. असे टिपण हे समीक्षालेखनच होय.

१०. समारोप

बालकथा आणि दुःस्वप्नकथा एकत्र पाहिल्यावर असे दिसते की, पानाशी ज्याचा प्रत्यक्ष संबंध नाही अशा श्रोत्याची काळजी हा दोहोंचा समान विषय आहे. ध्वनिमुद्रणाने अशा श्रोत्यांची संख्या अमर्याद केली आहे आणि वाचणारा त्यांच्यापासून दूर, अदृश्य झाला आहे. आता तर माणसाविना यंत्रानेच वाचन घडवणे शक्य झाले आहे. अशा वेळी आवाज किती गोड आहे यापेक्षा त्यामागे कोण आहे, त्याने काय गाळले आहे आणि त्याला कोणी पडताळू शकतो काय, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. ज्यांना वाचता येते त्यांनी वेळीच वाचून दाखवावे, हे बेंजामिनच्या कथेचे तात्पर्य अध्यापकाला सर्वांत आधी लागू पडते.